मस न खाणारा पाहुणा

कांदिफुशी बेटावर सिंहली येणारा माणूस एकच होता आणि तो बेटाचा कतीबच होता, म्हणजे सरकारनं नेमलेला मुखत्यार. त्याचं नाव आदम फुळू. ऐन विशीत तो मासळीच्या गलबताबरोबर कोलंबोला गेला होता आणि वारं फिरेपर्यंत तिथल्या पेट्टा बाजारात एका व्यापाऱ्याच्या वखारीत राहिला होता. वखारीत जे कानावर पडलं ते त्यानं उचललं: आकडे, 'माल ओला आहे', 'फार कमी देता', 'उद्या या' आणि ठेवणीतल्या दोन-चार शिव्या. परत आल्यावर कुणी विचारलं की हेच शब्द तो असे काही घोळवून म्हणायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं हा तिथल्या राजवाड्यात राहून आलाय. परीक्षा घेणारं बेटावर कुणी नव्हतं, त्यामुळे त्याचं सिंहली वर्षागणिक वाढतच गेलं. फक्त त्याची बायको सकीना मनिके कधीमधी म्हणायची, "तुम्ही झोपेत सिंहली बोलता ना, तेव्हा नुसते आकडेच बोलता."

एका मंगळवारी राजधानी मालेहून बिनतारी निरोप आला. श्रीलंका आणि मालदीव यांच्यात मासळीचा नवा करार झाला होता. उकडून, धुरावून, उन्हात लाकडासारखी टणक केलेली कुप्याची, म्हणजे ट्यूनाची, मासळी आमच्या बेटांवरून कोलंबोला जाते, ती खापरपणज्यांच्याही आधीपासून. तिकडून तांदूळ येतो, मिरची येते, सुपारी येते. तिकडच्या बायकांना या मासळीचा चुरा घातल्याशिवाय खोबऱ्याची चटणी गोड लागत नाही, आणि इकडच्या म्हाताऱ्यांना तिकडच्या सुपारीशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. तर आता हा व्यवहार दोन सरकारांनी आपल्या हाती घेतला होता, आणि माल पाहायला कोलंबोहून हेट्टीगे नावाचे अधिकारी यायचे होते. त्यांनी मान डोलावली तर सगळ्या बेटाची वर्षाची मासळी उचलली जाणार होती. निरोपाच्या शेवटी लिहिलं होतं, की दोन देशांचे संबंध शेकडो वर्षांचे आहेत, पाहुण्याला काही कमी पडू देऊ नये; आणि कांदिफुशीच्या कतीबाला उत्तम सिंहली येत असल्याचं ऐकून आहोत, म्हणून सोबत दुभाष्या पाठवत नाही.

ते शेवटचं वाक्य आदम फुळूनं सगळ्या बेटाला वाचून दाखवलं. मग घरी येऊन त्यानं आपल्याला येणारे सिंहली शब्द बोटांवर मोजले.

बुधवारी दुपारनंतर दोणी धक्क्याला लागली. नंदसोम हेट्टीगे उतरले ते दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. गोल चेहऱ्याचा, पन्नाशीला आलेला, सौम्य माणूस; पण वाटेत समुद्रानं त्यांना असं घुसळून काढलं होतं की रंग कच्च्या केळ्यासारखा झाला होता. सगळं बेट काठावर उभं होतं. आदम फुळू पुढे झाला, छातीवर हात ठेवला आणि खणखणीत सिंहलीत म्हणाला, "या, मुदलाळी. काय देणार?"

मुदलाळी म्हणजे तिकडे पेढीवाला, दुकानदार. वखारीत सगळे मालकाला तसंच म्हणायचे, म्हणून आदमची समजूत होती की थोर माणसाला असंच हाक मारतात. हेट्टीगे जरा गोंधळले, पण भल्या माणसाला शोभेल असं हसले. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कतीबाचं सिंहली चालतं, हे सिद्ध झालं.

सकीनानं निरोप आल्यापासून खपून जेवण रांधलं होतं. कुप्याचा गरम पाणीदार रस्सा म्हणजे गरुधिया, नारळात कालवलेली मासळी, मासळी भरलेल्या तळणाच्या गोळ्या, मासळीचा आटवून काळा केलेला खारट लेप, आणि तोंडी लावायला म्हणून पुन्हा मासळी. पण हेट्टीगेंचं पोट अजून समुद्रातच होतं. त्यांनी फक्त शहाळं मागितलं. ते पिऊन झाल्यावर आदमला बाजूला घेऊन ते संकोचानं म्हणाले, "एक विनंती आहे. मी मस खात नाही."

आता झालं असं, की सिंहली आणि आमची दिवेही या दोन्ही भाषा जवळच्या नात्यातल्या. बहिणींनी एकमेकींचे कपडे घालावेत तसे अर्धे शब्द एकमेकींचे घातलेत. सिंहलीत मस म्हणजे मटण, गोमांस, असं चार पायांचं खाणं. हेट्टीगेंची आई आजारी पडली तेव्हा त्यांनी ते सोडलं होतं, आणि हे लोक मुसलमान आहेत, पाहुण्यासाठी बोकडबिकड कापतील, उगाच त्यांची धावपळ नको, असा सरळ विचार करून त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. पण दिवेहीत मस म्हणजे मासा. दुसरं काही नाही. आणि हेट्टीगे बोललेल्या सगळ्या वाक्यांत आदम फुळूला पूर्ण कळलेलं हे पहिलंच वाक्य होतं.

त्यानं ते पुन्हा विचारलं. हेट्टीगेंनी पुन्हा तेच सांगितलं, आणि मस म्हणताना नाकाजवळून हातही फिरवला.

त्या संध्याकाळी कतीबाच्या अंगणात बैठक बसली. दोरीच्या जाळ्याच्या जोळ्यांवर म्हातारे रेलून बसले आणि पान लावत विचार करू लागले. मासे न खाणारा माणूस असतो, यावरच अर्ध्यांचा विश्वास बसेना. एकानं विचारलं, मग तो जगतो कशावर? थुत्तूबे हा बेटावरचा सगळ्यात वयस्क नाखवा. त्याला यात राजकारण दिसलं.

"मासळी तपासायला मासे न खाणारा पाठवला," तो म्हणाला. "म्हणजे त्यांना माल घ्यायचाच नाहीये. हा आपल्याला टोमणा आहे, आदम."

"टोमणा नाही, थुत्तूबे. बिचाऱ्यानं हात जोडून सांगितलं."

"हात जोडून मारलेला टोमणा जास्त लागतो."

आदमनं ठरवलं की टोमणा असो वा नवस, पाहुणा तो पाहुणा. त्यानं फर्मान काढलं. पाहुणा असेपर्यंत वाऱ्याच्या बाजूला कुणी मासळी शिजवायची नाही. सुकत घातलेला सगळा माल उचलून बेटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा. पाहुण्यासमोर मासा हा शब्दही काढायचा नाही. त्या रात्रीच, पाहुणा झोपल्यावर, डोक्यांवर मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायकांची रांग बेटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली आणि तिच्यामागून बेटावरची एकूण एक मांजरं गेली. सकीनानं रांधलेलं सगळं शेजाऱ्यांत वाटून टाकलं आणि शेजाऱ्यांनी दारं लावून, वाकून, चोरासारखं खाल्लं.

गुरुवारी सकाळी हेट्टीगे उठले ते ठणठणीत. भूक अशी लागली होती की झोपेतच तोंडाला पाणी सुटलं होतं. मालदीवला येण्यामागचा त्यांचा आनंद अर्धा सरकारी आणि अर्धा खाजगी होता. जन्मभर ज्या मासळीचा चिमूटभर चुरा चटणीत खाल्ला, ती इथे ताटभर मिळणार होती. सकीनानं त्यांच्यापुढे उकडलेला नीरफणस ठेवला. त्यांनी तो आवडीनं खाल्ला आणि पुढच्या पदार्थाची वाट पाहिली. पुढे किसलेला नारळ आला. दुपारी भात, लिंबू आणि मिरची. संध्याकाळी अळूचे कंद आणि पुन्हा नीरफणस, या वेळी तळलेला.

"कालवण काही?" हेट्टीगेंनी हळूच विचारलं.

आदमला कालवण हा शब्द येत नव्हता. तो म्हणाला, "उद्या या."

हेट्टीगेंनी मग आपल्याच मनाशी हिशेब लावला. बेटावर कुठे मासळी दिसत नाही, चुलीवर वास नाही, वाळूवर एक खवला नाही. म्हणजे ही गरीब माणसं जे काही समुद्रातून काढतात ते सगळं कोलंबोला पाठवण्यासाठी राखून ठेवतात आणि स्वतः कंद खाऊन राहतात. इतकी वर्षं आपण घरी चटणी चाटूनपुसून खात आलो ती या लोकांच्या तोंडचा घास होती तर. अशा लोकांकडे मासा मागायचा कसा? त्यांनी मागितला नाही. उलट नीरफणस फार छान झाल्याचं खुणेनं सांगितलं, त्यामुळे सकीनानं उद्यासाठी आणखी दोन पाडायला सांगितले.

माल कधी पाहायचा, असं ते विचारत तेव्हा आदमला भरून यायचं. केवढा कर्तव्याचा माणूस, स्वतःला वाससुद्धा सहन होत नाही आणि विचारतोय. त्यानं आपल्या पेटीतलं अत्तर काढलं, एका रुमालावर शिंपडलं आणि तो रुमाल हेट्टीगेंना नाकाशी धरून दाखवला. माल पाहताना हा असा धरायचा, काही त्रास होणार नाही. हेट्टीगेंना वाटलं, ही इथली पाहुण्याला द्यायची भेट असावी. त्यांनी रुमाल घेतला, हुंगला आणि वाकून आभार मानले.

शुक्रवारी दुपारी सगळे पुरुष मशिदीत गेले. बेट शांत झालं. हेट्टीगे पाहुण्यांच्या खोलीत एकटेच बसले होते आणि त्याच वेळी वारा फिरला. बेटाच्या त्या टोकाकडून धुराचा, खारट, खोल असा वास आला. ते उठले. आपण कुठे जातोय याचा विचार न करण्याची काळजी घेत ते त्या वासाच्या मागे चालत गेले आणि माडांच्या झावळ्यांनी शाकारलेल्या एका कोठारापाशी पोचले. बेटावर कुणाच्या दाराला कुलूप नसे. आत छतापर्यंत मासळी रचली होती, काळीभोर, लाकडाच्या ढलप्यांसारखी.

सकीना मनिके नारळ आणायला कोठारात गेली तेव्हा तिला दिसलं, की कोलंबोचा अधिकारी पालथ्या टोपलीवर बसलाय आणि मासळीचा अख्खा तुकडा दोन्ही हातांत धरून दाढेनं कुरतडतोय. ही मासळी कुणी अशी खात नाही. ती सुरीनं तासतात नाहीतर कुटतात. पण याचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. तिची चाहूल लागताच त्यानं डोळे उघडले, ताडकन उभा राहिला, हातातला तुकडा दुसऱ्या तुकड्यावर टकटक वाजवला, वास घेतला आणि अगदी सरकारी चेहरा करून मान डोलावली. सकीनाही मान डोलावून, पदर सावरून, मागच्या पावली बाहेर आली. नारळ राहिला तो राहिलाच.

नवरा मशिदीतून आल्यावर तिनं त्याला सगळं सांगितलं.

"खाल्ली? स्वतः?" आदमनं विचारलं.

"दातांनी."

"आणि रडत होता?"

"घळाघळा."

आदम फुळूनं दारात येऊन शेजाऱ्यांना हाका मारल्या. जन्मात मासा न शिवलेला माणूस. कुणी पाहत नसताना, आमच्या मालाला न्याय मिळावा म्हणून, एकट्यानं जाऊन, रडत रडत त्यानं आपलं व्रत मोडलं. तासाभरात ही गोष्ट बेटभर झाली. बायकांनी डोळे पुसले. थुत्तूबेनं टोमण्याचं म्हणणं मागे घेतलं आणि म्हणाला की असा अधिकारी आपल्याकडे असता तर आपण कुठल्या कुठे गेलो असतो.

मग लपवाछपवी कशाला? संध्याकाळ व्हायच्या आत बेटानं निरोपाची मेजवानी मांडली. पहाटे धरलेला मोठा कुपा कापला, लाल मसाल्यात त्याचे जाड जाड तुकडे शिजवले आणि माडांखाली पानं मांडून पाहुण्याला मधोमध बसवलं. हेट्टीगेंनी ताटाकडे पाहिलं. या गरीब लोकांनी आपल्यासाठी आज शेवटी राखून ठेवलेला माल काढला! त्यांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, तिसरा अजून तोंडात होता तेव्हा आदम फुळू भाषणाला उभा राहिला.

"मुदलाळी," तो सिंहलीत म्हणाला, "माल चांगला. मुदलाळी चांगला. मुदलाळी मस खात नाही." इथे त्यानं छातीवर हात ठेवला. "आज मुदलाळीनं मस खाल्लं. वखारीत खाल्लं. आत्ता पण मस खातोय. आमच्यासाठी."

हेट्टीगेंचा जबडा थांबला. त्यांनी ताटातल्या त्या तांबड्या-काळ्या जाड तुकड्यांकडे पाहिलं.

"कसलं मस?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

पाहुण्यानं चौकशी केली म्हणून आदमला आनंद झाला. "आमचं. इथलंच. पहाटे मारलं. मोठं होतं, फार पळत होतं."

"कोण पळत होतं?"

"मस पळत होतं," आदम म्हणाला. "मग बायकोनं कापलं."

हेट्टीगेंनी भोवती नजर टाकली. आल्यापासून बेटावर चार पायांचं त्यांना एकच जनावर दिसलं होतं, आणि ती सगळी जनावरं या क्षणी मेजवानीभोवती गोल करून, शेपट्या गुंडाळून, त्यांच्याच ताटाकडे टक लावून बसली होती. त्यांना वाटलं, ती नातेवाईक आहेत. ते तोंडावर हात दाबून उठले आणि समुद्राकडे धावत सुटले.

भरल्या ताटावरून पाहुणा उठून पळाला, याहून मोठी नाचक्की आमच्या बेटांवर नाही. आदम त्यांच्यामागे धावला, त्याच्यामागे सकीना आणि त्यांच्यामागे सगळं बेट. हेट्टीगे गुडघाभर पाण्यात उभे राहून खाऱ्या पाण्यानं चुळा भरत होते. वर आले ते डोळे लाल करून. आईसाठी सोडलेली गोष्ट तुम्ही मला फसवून खायला घातली, असं ते सिंहलीत बरंच काही बोलले. आदमला त्यातला 'आई' तेवढा कळला. आपल्या आईवरून शिवी दिली असं वाटून तो बावरला, पण वखारीत शिकलेली शिवी ही नव्हती, म्हणून थांबला.

शेवटी हेट्टीगेंनी काठी उचलली आणि ओल्या वाळूत चित्र काढलं. त्यांना चित्रकला येत नव्हती. एक लांबट पोट, खाली चार रेघा, पुढे दोन वाकडी शिंगं, मागे एक शेपूट. त्याच्यावर काठी आपटून ते म्हणाले, "मस. मस."

गर्दी पुढे वाकली. हा कुठला मासा, ते कुणालाच ओळखू येईना. थुत्तूबेनं सांगितलं की असा एक मासा त्याच्या वडिलांनी दक्षिणेकडच्या खोल समुद्रात एकदा पाहिला होता, पण त्याला जाळ्यात कुणी घेत नाही, जाळं फाटतं.

आदमनं दुसरी काठी घेतली आणि शेजारी एक नीटस कुपा काढला. "मस," तो म्हणाला.

हेट्टीगेंनी मान हलवली आणि आपल्या चित्रावर पुन्हा काठी आपटली. आदमनं आपल्या चित्रावर आपटली. असं बराच वेळ चाललं, दोन्ही चित्रं निम्मी पुसली गेली. मग श्रीलंका सरकारच्या व्यापार खात्याचे अधिकारी नंदसोम हेट्टीगे वाळूत दोन्ही हात आणि गुडघे टेकून ओणवे झाले आणि त्यांनी मान वर करून लांबलचक हंबरडा फोडला.

लहान मुलं आयांच्या मागे लपली. पण आदम फुळू जागच्या जागी थिजला. हा आवाज त्यानं ऐकला होता. पेट्ट्यातल्या वखारीच्या दाराशी रोज सकाळी बैलगाड्या लागायच्या आणि गाडीवाला पान खायला गेला की बैल अस्सेच ओरडायचे.

"बैल?" तो म्हणाला. वखारीतला आणखी एक शब्द, इतकी वर्षं कुठेतरी तळाशी पडून राहिलेला.

"बैल," हेट्टीगे ओणव्यानंच म्हणाले. "गाय. बकरा. मस."

"तुम्ही बैल खात नाही?"

"नाही."

आदमनं ते लोकांना दिवेहीत सांगितलं. लोकांना काही कळेना. सकीना म्हणाली, "पण बैल कोण खातं? इथे बैल आहे कुठे?" तेवढ्यात आदमनं वाळूतल्या कुप्याकडे बोट दाखवून हेट्टीगेंकडे पाहिलं, आणि हेट्टीगेंनी आधी कुप्याकडे, मग दूर माडांखाली राहिलेल्या आपल्या ताटाकडे पाहिलं, आणि दोघांच्याही तोंडाचा आ एकाच वेळी वासला गेला.

हसणं मागाहून आलं. आधी आदम फुळूला रडायला आलं. बुधवारपासून आपल्या दारी आलेला माणूस उपाशी, आणि आपण त्याला अत्तराचा रुमाल देतोय. तेवढं बोलायला त्याच्याकडे सिंहली नव्हतं. त्यानं हेट्टीगेंच्या पोटावर हात ठेवला आणि प्रश्नार्थक पाहिलं. हेट्टीगेंनी मान खाली घालून होकार दिला. मग त्यांनीही कोठाराच्या दिशेनं बोट केलं, स्वतःचे दात दाखवले आणि कान पकडला. चोरी केली, असं. तेव्हा मात्र सकीनाला राहवलं नाही. ती आधी हसली, मग थुत्तूबे, मग सगळं बेट वाळूत बसून हसलं.

मेजवानी नव्यानं सुरू झाली. मांजरांनी मधल्या वेळात पाहुण्याचं ताट स्वच्छ केलं होतं, म्हणून सकीनानं दुसरं वाढलं आणि ती पळी घेऊन डोक्याशीच उभी राहिली. हेट्टीगे मान हलवेपर्यंत वाढत राहायचं असं तिनं ठरवलं होतं आणि हेट्टीगेंनी बराच वेळ मान हलवली नाही. शेजाऱ्यांनी आपापल्या घरून आणखी आणलं. हेट्टीगेंनी काळा खारट लेप बोटानं चाटला आणि पुन्हा डोळे मिटले.

शनिवारी सकाळी त्यांनी माल तपासला, अगदी नियमानं. दोन-दोन तुकडे एकमेकांवर वाजवून पाहिले, आवाज खणखणीत आला, एकही तुकडा ओला निघाला नाही. सगळी मासळी त्यांनी पसंत केली. दोणीत चढायला मात्र त्यांना परत दोघांचे खांदे लागले, कारण सकाळची न्याहारीही झाली होती. निघताना त्यांनी आदमचा हात हातात घेतला आणि आपल्यापरीनं दिवेहीत म्हणाले, "मस चांगलं."

महिन्याभरानं मालेहून पुन्हा निरोप आला. हेट्टीगेसाहेबांनी कोलंबोत कांदिफुशीच्या आदरातिथ्याचं इतकं कौतुक केलं होतं, की आता श्रीलंकेचं मोठं शिष्टमंडळ मालेला यायचं ठरलं होतं. दुभाष्याचं काम आदम फुळूनं करावं, असा सरकारचा हुकूम होता.

सकीना ते ऐकून चुलीपाशी बसून इतकी हसली की तिच्या नाकातोंडात धूर गेला. "जाणार?" तिनं विचारलं.

"सरकारचा हुकूम आहे."

"आणि बोलणार काय?"

आदम फुळूनं जोळीवर झोके घेत संध्याकाळपर्यंत विचार केला आणि उलट निरोप धाडला. आपण येतो, पण पाहुण्यांची जेवणं पूर्ण होऊन हात धुवून झाल्याखेरीज आपण सिंहलीत एक शब्दही बोलणार नाही. मालेच्या साहेबांना ही फार जुनी, खानदानी रीत वाटली. त्यांनी ती आनंदानं मान्य केली, आणि दोन्ही देशांची मंडळी त्या दिवशी अगदी गप्प बसून, पोटभर जेवली.